गाबियाचं पाणी

मी काळा, मातीचा वाडगा बोलतोय. एका अंगाला जरा कललेला आहे, त्यामुळे काठोकाठ भरता येत नाही. आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. भांड्यानं कसला मत्सर करायचा असं ज्याला वाटत असेल, त्यानं चुलीच्या कडेला बसून दुसऱ्याची सेवा बघून दाखवावी.

मला गीतिसनं केलं. तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता. शाळा आठवीतच सोडलेली, हातात जोर खूप, डोक्यात घाई त्याहून जास्त. गावाच्या टोकाला ब्रोन्युस कुंभाराची भट्टी आहे, तिथं तो लाकडं फोडायला जायचा. एक दिवस म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, मला एक वाडगा करायचाय. बहिणीला चहा प्यायला."

"मग बाजारात जा," ब्रोन्युस म्हणाला. "तुझ्या हाताला लाकूड कळतं, माती नाही."

पण बसू दिलं. मी चाकावर कितीदा तरी कोसळलो. गीतिस शिव्या द्यायचा, पुन्हा माती मळायचा. शेवटी एकदाचा उभा राहिलो, तोही वाकडा. मी सुकत आल्यावर त्यानं नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन मला चकाकी येईपर्यंत घासलं. बाकी अंगावर तो भराभर हात फिरवायचा, काठावर मात्र रेंगाळायचा. ओठांना खरखर लागू नये म्हणून पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघायचा. म्हणजे माझा जन्मच ओठांसाठी झाला.

मग भट्टी. शेवटी राळेनं भरलेली पाइनची लाकडं आत टाकतात आणि तोंड लिंपून टाकतात. धूर आतच कोंडतो आणि लाल माती काळी होते. आग मला पहिल्यांदा तिथं भेटली. तिचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं मला पक्कं केलं, रंग दिला. उपकारच ते. पण पुढं जे झालं, त्यानंतर ते मला कधी मानवले नाहीत.

गीतिसच्या घरात दोघंच. तो आणि त्याची मोठी बहीण वाइवा. आई आयर्लंडला मशरूमच्या शेडमध्ये कामाला गेली आणि तिकडचीच झाली. गीतिसला वाढवलं वाइवानं. मध्यंतरी ती राजधानीत, विल्न्युसला नोकरीला होती. तिथं ती अशा लोकांत मिसळली, जे लिथुआनियाच्या जुन्या देवदेवतांना पुन्हा हाक मारतात, टेकडीवर आग पेटवून गातात. त्यांचा निरोप घेऊन गावी परतली तेव्हा तिच्या मोटारीत लोखंडी डबा होता आणि डब्यात राखेखाली त्याच आगीतले निखारे होते. ते तिनं आपल्या विटांच्या चुलीत घातले. तीच गाबिया. घरातली आग, घरातली देवी.

गाबियाला रोज निजवावं लागतं. निखारे एका जागी ओढायचे, वर राखेचं पांघरूण घालायचं आणि शेजारी स्वच्छ पाणी ठेवायचं, तिला तोंड धुवायला. पारोशी राहिली तर ती उठून घरभर फिरते, असं जुनी माणसं सांगत. आग घरभर फिरली म्हणजे काय, ते सांगायला नको.

वाइवाच्या वाढदिवसाला गीतिसनं मला कागदात गुंडाळून तिच्यापुढं ठेवलं. तिनं माझ्या काठावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चहा. संध्याकाळी तिनं मला विहिरीच्या पाण्यानं भरलं आणि चुलीशेजारी ठेवलं.

गीतिस दारातून बघत होता. "आवडला नाही का?"

"आवडला म्हणूनच तर," वाइवा म्हणाली. "याच्यापेक्षा चांगली वस्तू घरात नाही. तिला काय पत्र्याच्या टमरेलात पाणी देऊ?"

"मी तिच्यासाठी नव्हता केला."

"तिचं ते आपलंच रे. तू पण बोलत जा तिच्याशी. त्याला मंत्रबिंत्र लागत नाहीत."

"चुलीशी बोलू? अजून तेवढी चढलेली नाही मला."

ती हसली. तो दार आपटून गेला. पण मी तिथंच राहिलो आणि पुढचं ऐकलं. वाइवा निखाऱ्यांकडं वाकून म्हणाली, "बघ, माझ्या भावानं केलाय. वाकडा आहे, त्याच्यासारखाच. पण कुठं खुपत नाही."

गाबियाशी बोलणं वाइवालाही सुरुवातीला जमत नव्हतं. ती पाठ केलेले शब्द म्हणायची, अडखळायची, इकडंतिकडं बघायची. मग एकदा कामावरून संतापून आली आणि कोट न काढताच चुलीपुढं बसून साहेबाला शिव्या घालू लागली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. दुखरा दात, गळकं छप्पर, लाकडाच्या कारखान्यात गीतिसनं केलेली मारामारी, सगळं ती गाबियाला सांगायची. मागायची एकच गोष्ट. "त्याला सांभाळ. चटकन पेट घेतो तो, तुझ्याच जातीचा आहे."

हे सगळं माझ्यासमोर व्हायचं, पण माझ्याकडं कुणी बघायचं नाही. वाइवाच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा तो गाबियाचा. सकाळी माझ्यातलं पाणी सफरचंदाच्या झाडाला जायचं. आणि चहा? चहा ती मांजराचं चित्र असलेल्या दुकानातल्या कपातून प्यायची. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता. एखाद्या दिवशी तिचा ओठ कापेल, याची मी वाट बघत होतो. कापला नाही.

गीतिस माझ्यासारखाच जळायचा. वाइवा चुलीपुढं बसली की तो मुद्दाम रेडिओ मोठा करायचा. "झालं का तुमचं? मी पण याच घरात राहतो," म्हणायचा.

मग ते झालं. फेब्रुवारीत रस्त्यावर पातळ बर्फ धरला होता, वरून न दिसणारा. कामावरून येताना वाइवाची मोटार घसरून झाडावर आदळली. ती घरी आलीच नाही.

मला दफन करू नका, जाळा, असं तिनं सांगून ठेवलेलं होतं. शेजारच्या गेनोवाइते मावशीनं, म्हणजे तिच्या आईच्या बहिणीनं, डोक्याला हात लावला. "आपल्यात माणूस मातीत जातो रे, आगीत नाही." पण वाइवाचं म्हणणं गीतिसनं पाळलं. ते पाळताना त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते.

सगळे पाहुणे गेले. तोवर मावशी त्याच चुलीवर त्यांच्यासाठी रांधत होती, त्यामुळं निखारे जिवंत होते. गीतिस एकटा चुलीपुढं आला. मला पाण्यानं भरून दोन्ही हातांनी उचललं.

"वाडगा तुला," तो म्हणाला. "बहीण तुला. तिची हाडंसुद्धा तुलाच. आता हे घे."

माझ्यातलं पाणी त्यानं निखाऱ्यांवर फेकलं. मोठा फुत्कार झाला, वाफ उठली आणि चूल काळी पडली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी जिंकलो होतो.

पुढं मला खिडकीत ठेवलं. माझ्यात स्क्रू पडले, मग सिगारेटची थोटकं. गीतिसनं विजेचा हीटर आणला. तो फक्त त्याच्या पायांपुरता गरम व्हायचा. गीतिस घरात कुणाशी बोलत नसे. तेव्हा मला हळूहळू कळलं, की वाइवाचं सगळं बोलणं ज्या जागेपाशी व्हायचं, ती जागाच मी आणि त्यानं मिळून विझवली होती. जिच्यावर जळायचं तीही राहिली नव्हती. रिकामा मत्सर फार थंड असतो.

एक दिवस गेनोवाइते मावशी भाजलेल्या बटाट्याचं ताट घेऊन आली. आत येताच तिनं शाल घट्ट ओढली.

"हे गरम कुठं करू? त्या तारांच्या डबीवर?"

"चूल बंद आहे, मावशी."

"आपोआप बंद होते काय? कुणीतरी करतं."

"तूच म्हणायचीस ना, हे असलं पुजणं म्हणजे पाप आहे."

"म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती खदाखदा हसायची." मावशीनं ताट टेबलावर ठेवलं. "आता कुणाला म्हणू? तू तर हसतही नाहीस."

ती गेली. गीतिस खिडकीपाशी आला. मग त्यानं मला उपडं केलं, स्क्रू झाडले, थोटकं टाकली आणि गरम पाण्यानं मला धुतलं. काठावर त्याचं बोट थांबलं. मग तो सालपं घेऊन चुलीपुढं बसला.

आग धरेना. लाकडं ओली होती. काडी पेटायची, विझायची.

"ये ना," तो दातओठ खात म्हणाला. "तिच्यासाठी कशी लगेच यायचीस. मी बोलावलं की नखरे."

शेवटी एक सालपट पेटलं. त्यानं फुंकर घातली आणि मग जे सुरू झालं ते भांडणच होतं.

"किती वर्षं ओळखत होतीस गं तिला? मला तिनं बुटाची नाडी बांधायला शिकवली. मी तापात होतो तेव्हा ती जमिनीवर झोपली. तुला माहीत होतं का, तिला पोहायला यायचं नाही? नव्हतं माहीत. तळ्यावर ती फक्त गुडघ्यापर्यंत जायची आणि सगळ्यांना सांगायची, पाणी गार आहे म्हणून."

इथं तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. बोलत मात्र राहिला. वाइवाचं सगळं बालपण त्यानं त्या आगीपुढं ओतलं, तिच्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे हे दाखवायला. गाबिया ऐकत होती. मला तिचं ऐकणं ओळखता येतं, ती अशा वेळी तडतडत नाही.

निजवायचे शब्द त्याला येत नव्हते. त्यानं राख कशीतरी ओढली, मला भरून शेजारी ठेवलं. "झोप आता," म्हणाला. "आणि तोंड धू."

सकाळी त्यानं राख बाजूला केली. खाली लाल होतं. तो तिकडं बराच वेळ बघत बसला. मग त्यानं मला उचललं. पाण्यावर राखेचे कण तरंगत होते.

"तिचं सगळं तू घेतलंस," तो म्हणाला. "मग तुझं हे मी घेतो."

आणि प्यायला. सगळं.

ज्या ओठांसाठी मी झालो होतो ते हे नव्हते. हे भेगाळलेले होते, वर दाढीचे खुंट. पण त्यांना खरखर लागली नाही. काठ त्यानं चांगला घासला होता.

आता रोज असंच चालतं. तो तिच्याशी भांडतो, तिला निजवतो, सकाळी तिचं पाणी पितो. मांजराचा कप खिळ्यावर लटकलेला आहे, त्याला कुणी हात लावत नाही. आणि मी पुन्हा जळतो, कारण गीतिस बोलताना बघतो ते तिच्याकडंच.

त्याला एक गोष्ट ठाऊक नाही. वाइवा चुलीपुढं कुणासाठी मागायची, ते फक्त दोघांना माहीत आहे, मला आणि गाबियाला. कधीतरी त्याला ते कळावं. गाबियानं सांगितलं तर तो तिचाच होईल आणि माझी आग आग होईल. तरी, गाबिया, तूच सांग. मला तोंड नाही, नुसता काठ आहे.