हशा. नामंजूर.

सुव्हा शहरातल्या कॉलेजच्या साहित्य मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून जुनी चिटणीस उनाइसी हिला बोलावणं आलं. जुन्या इतिवृत्तातलं एखादं पान वाचून दाखवायचं, एवढंच. तिच्या आईला जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

मंडळाची रीत अशी की निनावी लेखन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचं आणि चिटणीस ते मोठ्याने वाचायचा. आवडलं तर सगळे बाकं वाजवत, मग लिहिणाऱ्याने उभं राहायचं. नाही आवडलं तर कागद परत डब्यात. ज्याचा त्याने गुपचूप न्यावा.

समारंभात उनाइसीने जुन्या वहीतलं हवं ते पान काढलं. अक्षर तिचंच, एकोणिसाव्या वर्षीचं, टापटीप. ‘कविता: दालोच्या कंदांचं पातेलं. वाचन चिटणिसांनी केले. हशा. नामंजूर.’

हशा तिनेच पिकवला होता. कवितेत वाऱ्यासाठी कादावू बेटाकडचा शब्द होता. तो दिसताच ती हेल काढून वाचू लागली. हेल शोधावा लागला नाही, घरी रोज कानावर पडायचा. चहाच्या खिडकीपलीकडे कॉलेजची स्वयंपाकीण कप मांडत होती. उनाइसीची आई.

“एवढं काय गं हसत होतात?” घरी जाताना आईने विचारलं होतं.

“अगं, कुणीतरी येडपट! धड लिहिता येत नाही नि निघालंय कविता करायला.”

“असेल बाई,” आई म्हणाली होती.

तोच कागद परवा आईच्या बायबलात सापडला. घड्यांवर विरलेला.

“वाच की गं,” मंडळाचे म्हातारे इलाइसा सर म्हणाले. “आता कसली लाजतेस?”

तिने वही मिटली, पर्समधून कागद काढला आणि सरळ वाचला. वाऱ्याचा शब्द मात्र आई म्हणायची तसाच म्हटला.

बाकं वाजली. “लिहिणाऱ्याने उभं राहावं,” सर सवयीने म्हणाले. उनाइसी उभीच होती. लोकांना वाटलं, कविता तिचीच. बाकं आणखी जोरात वाजली.

“माझी नाही,” ती म्हणाली. “माझ्या आईची आहे. मागे मी हीच कविता इथे तिची नक्कल करत वाचली होती. ती त्या खिडकीत उभी होती.”

बाकं थांबली. नव्या चिटणीस मुलीने पेन उचललं. “मॅडम, हे... लिहून घेऊ?”

“घे,” उनाइसी म्हणाली. “आणि हशा कोणी पिकवला, तेही लिही. नावानिशी.”