चार पोकळ खोकी आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे फुलाफुलांचे प्लास्टिक बघून मला नवा समजू नका. मी एक जुना संगणक आहे. माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेच्या अडगळीच्या खोलीत, चुन्याच्या पोत्यांना टेकून बसलेला. मला माणसांची किळस आली, ती कशी आली ते आज सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, पण खरी आहे.

माझा जन्म १९९६ साली सांगलीत, एका बोळातल्या दुकानात झाला. माझे भाग कुठून कुठून आले होते, पण त्यांना एकत्र बसवले ते एका सांगलीकर कारागिराने. शेवटचा स्क्रू पिळून त्याने बटण दाबले. मी 'पीं' असा आवाज केला. "बोलला रं गड्या!" असे म्हणून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. त्या दिवशी मला वाटले, माणसे चांगली असतात.

मग मला जीपमधून इथे आणले. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष नानासो यांनी माझी पूजा घातली. कळफलकाच्या फटींत हळदीकुंकू गेले. नारळ फोडला, त्याचे पाणी माझ्यावर शिंपडले, ते आत झिरपले. आठव्या दिवशी माझ्या पोटात मुंग्या लागल्या. एक बटण चिकटले ते चिकटलेच. फोटो काढताना नानासोंनी तंबाखू मळलेला अंगठा माझ्या काचेवर टेकवला. तो तपकिरी ठसा कितीतरी महिने कोणी पुसला नाही. त्यातूनच मी बाहेर बघत होतो.

पूजा झाली आणि खोलीला कुलूप लागले. पाऊण वर्ष मला कोणी सुरू केले नाही. शेजारच्या वर्गात मुले मात्र माझे धडे पाठ करत. 'संगणकाचे मुख्य भाग किती? संगणकाचे मुख्य भाग तीन!' भिंतीपलीकडून ते ऐकताना मला शिसारी येई. माझे भाग मोजणाऱ्यांपैकी एकानेही मला हात लावला नव्हता.

प्रजासत्ताक दिनाला मुलांना माझे दर्शन घडवायचे ठरले. चपला बाहेर काढून मुले रांगेने आली. नववीतली आम्रपाली नावाची एक काटकुळी मुलगी नीट दिसावे म्हणून जरा पुढे सरकली. मुख्याध्यापक म्हणाले, "तू मागं हो. लांबूनच बघ." तिच्या पुढच्या मुलाचे हात चिखलाने भरलेले होते. त्याला कोणी काही म्हटले नाही. मी यंत्र आहे, जात मला कळत नाही. पण त्या दिवशी चिखल कोणत्या बाजूला होता, ते मला कळले.

जूनमध्ये संगणक शिकवायला पल्लवीबाई आल्या. आटपाडीकडच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. कराडला शिकलेल्या. नोकरी तात्पुरती होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातला वाळका हार काढून खिडकीबाहेर टाकला, साडीचा पदर खोचला आणि सतरा मुलांसमोर माझे झाकण उघडले.

मुख्याध्यापक धावत आले. "अहो बाई, बिघडलं म्हणजे?"

"सर, न उघडता बिघडलंच आहे," बाई म्हणाल्या. "मुंग्या बघा."

सायकलच्या पंपाने हवा मारून मुलांनी माझ्या पोटातली धूळ उडवली. कुंकू ब्रशने झाडले. किती हलके वाटले म्हणून सांगू! बाई कधी मुद्दाम माझा एखादा भाग काढून ठेवत आणि विचारत, "आता हा का सुरू होत नाही?" मुले माझ्या आवाजावरून ओळखत. आम्रपालीचा कान सगळ्यांत तिखट. मी चुकीचा 'पीं' केला, की ती लगेच म्हणे, "बाई, मेमरी सैल हाय." आणि ती सैलच असे.

"हार्डवेअर म्हणजे भजनातली पेटी," बाई सांगत. "आणि सॉफ्टवेअर म्हणजे तिच्यावर वाजवायची चाल. पेटी तीच, चाल बदलता येते." मुलांना ते पटकन कळे. फक्त एक गोष्ट बाईंना दाखवता येत नव्हती. नेटवर्क, म्हणजे संगणकांचे जाळे. "गप्पा मारायला दोघं लागतात," त्या म्हणत, "आणि आपल्याकडं हा एकटाच." मग त्या फळ्यावर चौकोन काढून रेघांनी जोडत.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. ते तिथेच संपले.

डिसेंबरात वरून पत्र आले. दहावीला संगणक हा विषय ठेवायचा, तर शाळेत जाळ्याने जोडलेले पाच संगणक हवेत, आणि ते बघायला अधिकारी येणार. पाहणीला चार दिवस उरले असताना एक टेम्पो आला. त्यातून मुलांनी चार संगणक उतरवले. मला आनंद झाला. वाटले, सोबत आली! त्यांना माझ्या शेजारी मांडले, तेव्हा मी कान दिले. त्यांच्यातून कसलीच चाहूल लागेना. ते संगणक नव्हतेच. ती रिकामी खोकी होती. वर ठेवलेले पडदे जळलेले. आणि त्यांना जोडणारे जाळे म्हणजे गावातल्या टीव्हीवाल्याची काळी वायर. ती एका खोक्यामागून दुसऱ्यामागे नेली होती आणि तिचे टोक टेबलाखाली चिकटपट्टीने डकवले होते.

"साहेब आलं की जोतीराम फ्यूज काढंल," नानासो बाईंना म्हणाले. "लाईट न्हाई म्हटलं की झालं. आपल्याकडं लाईट कवा असती?" जोतीराम म्हणजे शाळेचा शिपाई. तो खाली मान घालून उभा होता.

"नानासो, हे मला जमायचं नाही," बाई म्हणाल्या.

"तुमाला काय करायचंच न्हाई. नुसतं गप उभं ऱ्हावा. मान्यता आली की तुमची नोकरी कायम."

बाई गप्प बसल्या. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? त्या दिवशी मला बाईंचीही किळस आली. त्यांच्या घरी म्हातारे आईवडील होते, दोन धाकटी भावंडे होती, हे मला ठाऊक होते. तरीही आली.

अधिकारी आले. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेने. फ्यूज निघाला, पंखा थांबला, माझा पडदा काळा झाला. आता मी आणि ती खोकी एकसारखीच दिसत होतो. आयुष्यात एवढा अपमान मी सोसला नव्हता. प्रत्येकापुढे तीन-चार मुले बसवली होती. आम्रपाली शेवटच्या खोक्यापुढे होती.

विश्वजित नावाच्या मुलाने जाळ्याची व्याख्या धडाधडा म्हणून दाखवली. साहेबांनी मान डोलावली आणि सहज आम्रपालीकडे वळले. "बाळ, समजा हा संगणक सुरू झाला नाही, तर तू काय बघशील?"

"आधी लाईट बघंन," ती म्हणाली. "मग वायर. मग उघडून आतलं बघंन."

"छान! मग आता लाईट आली की हा सुरू होईल ना?"

आम्रपालीने बाईंकडे पाहिले. बाई जमिनीकडे बघत होत्या.

"न्हाई साहेब. ह्यात काय न्हाईच."

असे म्हणून ती उठली, वरचा पडदा तिने बाजूला सरकवला आणि ते खोके एका हाताने उचलून डोक्याएवढे उंच धरले. काटकुळ्या हाताची पोर! माझे पोट उचलायला दोन मुले लागत. साहेबांना संगणकाचे वजन ठाऊक नसेल, असे होणार नव्हते. मागची काळी वायर तिच्या खांद्यावर लोंबत राहिली.

नानासो मोठ्याने हसले. "येडी हाय पोरगी. ठेव खाली."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. आता ते ओरडतील, आता कुलूप ठोकतील. त्यांनी रुमाल काढून बोटे पुसली. कशालाही हात लावला नव्हता, तरी पुसली. मग म्हणाले, "जेवणाचं काय म्हणालात?"

तासाभराने ते ढेकर देत परत आले आणि त्यांनी अहवालाचा कागद माझ्या डोक्यावर ठेवून सही केली. 'पाच संगणक कार्यरत. व्यवस्था उत्तम.' त्यांच्या पेनाचे टोक कागदातून मला टोचत होते. हळदीकुंकू, मुंग्या, तंबाखूचा अंगठा हे सगळे मी सोसले होते. पण त्या सहीइतकी ओकारी मला कशानेच आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीच्या आईला बोलावले. चंद्राबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. कामावरून तशाच आल्या, पदराला भाताची शिते. मुख्याध्यापकांनी मुद्दाम माझ्याच खोलीत सगळ्या मुलांसमोर त्यांना उभे केले.

"तुमच्या मुलीनं शाळेची अब्रू घालवली. माफी लिहून द्या, नाहीतर दाखला घेऊन जा."

चंद्राबाईंनी मुलीकडे पाहिले. "खोटं बोललीस का गं?"

"न्हाई आई."

"आवं सर," चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "शाळेची अब्रू त्या खोक्यात ठेवली हुती व्हय? मग उघडा की. समद्यांनी बघू द्या."

तेवढ्यात पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. पल्लवीबाईंनी स्क्रूड्रायव्हर काढला होता.

"बाई, नोकरी जाईल," मुख्याध्यापक पुटपुटले.

"जाऊ दे. काल गप्प बसले, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही."

त्यांनी चारही खोकी उघडली. पहिल्यात झुरळे. दुसऱ्यात विड्यांची पाकिटे आणि जुनी वर्तमानपत्रे. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात उंदरीण व्यालेली होती. लालबुंद पिल्ले वळवळत होती. मुलींनी तोंडाला ओढण्या लावल्या, मुले 'ई' करून मागे सरली. मुख्याध्यापक बाहेर निघून गेले. आम्रपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. उचलताना आली नव्हती, ती भीती तिला आता आली असावी. चंद्राबाईंनी तिला जवळ घेतले. "चल, आधी हात धू," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंनी साताऱ्याच्या शिक्षण कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले. चौकशी झाली, मान्यता आली नाही. चांगले झाले असे तुम्हांला वाटेल. पण विषय बंद झाला, तेव्हा गावातली माणसे नानासोंवर चिडली नाहीत. ती आम्रपालीच्या घरावर चिडली. 'तुमच्या पोरीपायी आमच्या पोरांचं नुकसान झालं,' असे लोक चंद्राबाईंना रस्त्यात ऐकवत. अधिकाऱ्यांची बदली झाली, तीही चांगल्या ठिकाणी. बाईंना महिनाअखेर घरी जायला सांगितले.

जायच्या आधीच्या रविवारी सकाळी बाई एसटीने आल्या. मांडीवर एक संगणक, शेजारच्या सीटवर वाकळेत गुंडाळलेला त्याचा पडदा. कराडच्या मैत्रिणीकडून दिवसभरासाठी मागून आणला होता. जोतीरामने काही न विचारता कुलूप काढले. "फ्यूज मी हातानं काढला हुता बाई," तो म्हणाला, "आज हितंच बसतो. कोण आलं तर सांगतो." सतराही मुले आली होती.

बाईंनी आम्हां दोघांना खऱ्या केबलने जोडले. विश्वजितला त्या पाहुण्यापुढे बसवले, आम्रपालीला माझ्यापुढे. मध्ये चादर धरली. विश्वजितने टाइप केले आणि माझ्या अंगातून काहीतरी सरसरत गेले. इंग्रजी अक्षरांत माझ्या पडद्यावर उमटले, 'कोण आहे तिकडे?'

आम्रपालीने एकेक बटण शोधून दाबले. 'आमी.'

चादरीपलीकडून आरडाओरडा झाला. "आलं! आलं! लय भारी!" मग सगळ्यांनी आळीपाळीने एकमेकांना शिव्या वगळून जे सुचेल ते लिहिले. दुपारपर्यंत मी तापून लाल झालो होतो. एवढा आनंद मला कधीच झाला नाही. बाई मात्र खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

सोमवारी मला इथे, चुन्याशेजारी आणले. मुलांनी हात लावू नये म्हणून नवे प्लास्टिक घातले.

गेल्या जूनमध्ये आम्रपाली दाखल्याच्या कामाने शाळेत आली. ती आता कराडला संगणकाची पदविका करते. बाईंनीच तिथे तिची राहायची सोय लावून दिली. माझ्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक फळा आहे, 'आमचे गुणवंत'. त्यावर मुख्याध्यापकांनी तिचे नाव पांढऱ्या रंगाने ठळक लिहून घेतले आहे. बंद दाराआडून मला दोघांचे बोलणे ऐकू आले.

"बघ, तुझं नाव सगळ्यांत वर आहे," ते कौतुकाने म्हणाले. "आमच्या शाळेनंच घडवलं तुला."

तिने माझ्या दाराचे कुलूप वाजवले. मग म्हणाली, "सर, ह्या खोलीचं कुलूप काढा. न्हाईतर माझं नाव पुसा."

"बघू," ते म्हणाले.

मित्रांनो, त्याला आता सहा महिने झाले. कुलूपही तसेच आहे, नावही तसेच आहे. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला हार नको, कौतुक नको. तुमच्या शाळेत अशी एखादी बंद खोली असेल, तर उद्या प्रार्थना संपली की हात वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात किल्ली मागा. पहिल्यांदा 'बघू' म्हणतील. परवा पुन्हा मागा.