खोचलेली चादर

"तीन चादरी! एका म्हातारीले तीन तीन चादरी! काहून जी, हे का लगनघर आहे?"

प्रयागबाई मोरीवर धुणं आपटता आपटता पुटपुटत होती. आपलं पुटपुटणं नळाच्या धारेत वाहून जातं, अशी तिची समजूत. पण मोरी आणि यमुताईंची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत, आणि त्या भिंतीत वर झरोका. यमुताईंना सगळं ऐकू येई. देवानं त्यांचं कंबरडं घेतलं होतं आणि कान ठेवले होते. ही वाटणी त्यानं कोणाच्या सोयीनं केली, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

"आन् रोज ओल्या," प्रयागबाई म्हणाली. "रोज!"

हे दुसरं वाक्य ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

तीन चादरींचं हे खूळ मसुरीहून आलं होतं. यमुताईंच्या लेकाला, मुकुंदाला, ऑफिसातून प्रवासाची सवलत मिळाली, तेव्हा तो आणि सून उत्तरा उन्हाळ्यात मसुरीला जाऊन आले. लग्नाला बारा वर्षं झाल्यावरचा पहिला प्रवास. हॉटेलातला पलंग बघून दोघं बिचकलीच. खाली चादर, वर आणखी एक चादर, तिच्यावर ब्लँकेट, त्यावर फुलाफुलांचा पलंगपोस, आणि सगळं चारी बाजूंनी गादीखाली खोचून असं ताणलेलं की तबल्याची पुडी बरी. हे उचकटायचं असतं हे गोरेपेठेतल्या माणसांना कोण सांगणार? दोघं त्या सगळ्यावर झोपली. थंडी मरणाची. मुकुंदानं कोट पांघरला, उत्तरानं दोन टॉवेल. सकाळी चहा घेऊन आलेला माणूस हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग त्यानंच दाखवलं, की वरची चादर डोक्याकडून सैल करायची आणि पाकिटात पत्र सरकवावं तसं आत सरकायचं. उत्तरा त्याच्या मागे मागे फिरून शिकली. कोपरा कसा धरायचा, तिरपा कसा दुमडायचा, उरलेलं टोक आत कसं ढकलायचं. मसुरीहून लोक लोकरीच्या शाली आणतात. उत्तरानं तो कोपरा आणला.

मुकुंद मात्र दुसऱ्याच रात्री लाथा मारून सगळं मोकळं करून झोपला होता. "जेलमध्ये घातल्यासारखं वाटते बाप्पा," असं तो आल्यावर सगळ्यांना सांगे आणि हसे. त्याच्या स्वतःच्या पलंगावर पूर्वीचीच सोलापुरी चादर राहिली, सैल, पायाशी गोळा झालेली. हॉटेलची शोभा पाहुण्यांच्या खाटेवर आली, आणि दिवाळीनंतर यमुताईंच्या.

दिवाळीत त्या मागच्या अंगणात संडासाकडे जाताना पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याजवळचं हाड. दवाखान्यात उत्तरा त्यांच्या उशाशी जमिनीवर झोपली, हे यमुताई विसरल्या नव्हत्या. घरी आल्यावरही तिनंच त्यांचं न्हाणं, तिनंच वेणी, तिनंच काठीला रबराचं बूड बसवून आणलं. डॉक्टर म्हणाले होते, "चालू द्या त्यांना हळूहळू. फक्त सोबत कोणीतरी असू द्या." चालता येत होतं यमुताईंना. भिंत धरून, काठी टेकून, एक पाय ओढत का होईना, पण जात होत्या.

प्रश्न एवढाच होता, की हे सोबतीचं कोणीतरी म्हणजे कोण.

सकाळी मुकुंदाची ऑफिसची घाई. संध्याकाळी स्वैपाक. उरली दुपार. आणि दुपारी उत्तराचा शिवणाचा क्लास. घरातून बाहेर पडायचं तिला तेवढं एकच निमित्त होतं. क्लासहून येताना ती गुणगुणत येई, फाटकाची कडी वाजायच्या आधी तिचं गाणं ऐकू येई. सुनेला असं गाताना यमुताईंनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ते गाणं थांबावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

पण दुपारचं जेवण झालं की उत्तरा पदर खोचून खोलीत येई.

"चला आई, मसुरीला जायचं ना?"

ही तिची थट्टा. यमुताई आडव्या होत. मग वरची चादर, मग ब्लँकेट, आणि पलंगपोसाच्या जागी तिसरी चादर. खाट एका बाजूनं भिंतीला लावलेली, तिकडून आधीच सगळं पक्कं खोचलेलं. इकडच्या बाजूनं उत्तरा जड गादी एका हातानं उचलून दुसरा हात कोपरापर्यंत घालून चादर आत सारी. पायथ्याशी ते दोन तिरपे कोपरे. ते झाले की एक पाऊल मागे सरून बघे. एक सुरकुती नाही.

"अगदी हॉटेल!" ती म्हणे. "आता दोन तास राणीसारखं झोपायचं. उठायचं नाही हं. पडाल."

"थोडी सैल ठेव ना गं," यमुताईंनी सुरुवातीला म्हणून पाहिलं.

"थंडी केवढी आहे आई! वारं शिरते."

एकदा त्यांनी मुकुंदालाही सांगितलं. त्यानं येऊन एक टोक बोटानं ओढून पाहिलं. "एवढी काही घट्ट नाही गं," म्हणाला, आणि ओढलेलं टोक परत आत सारून पेपर वाचायला गेला.

जेवणानंतर म्हाताऱ्या माणसाला लघवीला लागते, यात आश्चर्याचं काही नाही. लागली, की यमुताई दोन्ही हात काखेपासून वर काढून ब्लँकेट ढकलू बघत. गादी कापसाची, जड. त्यांच्याच अंगाचं वजन तिच्यावर. पाय हलवावेत तर तळव्यांवर चादर अशी बसलेली की बोटंसुद्धा वर होत नसत. ज्या पायाचं हाड जुळून आलं होतं तो तर लगेच ठणके. त्या झटत, थकत, थोडं थांबत, पुन्हा झटत. आणि मग व्हायचं ते होई. फाटकाशी गाणं ऐकू येई तोवर सगळं गार पडलेलं असे.

उत्तरा रागावत नसे. तेच तर वाईट होतं. "असू द्या आई, वय झालं," म्हणे, कपडे बदले, मेणकापड पुसे, आणि दुसऱ्या दिवशी पाठीखालचं कापड सरकू नये म्हणून चादर आणखी थोडी खोल खोचे.

शेजारणी खाट बघून जात. "काय बाई टापटीप! नाहीतर आजारी माणसाची खोली म्हणजे…" आणि वाक्य अर्धं ठेवून पदर नाकाशी नेत.

असं करता करता संक्रांत गेली, आणि मागच्या कोळशाच्या खोलीतून एके दिवशी चुन्याचा वास आला. टिनाच्या छपराची ती खोली, खिडकी नाही, संडासाला लागून. मुकुंदानं गडी लावून ती पांढरी करून घेतली होती. कोणासाठी, हे यमुताईंना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. आताच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी होती. भाजीवाली तिथून त्यांच्याशी बोले, शाळेतल्या पोरी दिसत, दुपारची उन्हाची तिरीप खाटेच्या पायाशी येऊन बसे. आयुष्यभर त्यांनी या घराच्या चुलीसमोर पाठ शेकली होती. आता कुठे खिडकी मिळाली होती. ती जाणार होती, आणि ती का जाणार, हे त्यांच्या ओठांवर रोज येऊन परत फिरत होतं. सांगायचं तरी कसं? लेकाजवळ लघवीची गोष्ट काढायची? आणि सून जे मन लावून करते त्याला काय नाव द्यायचं?

सिंधूला सांगू, असं त्यांनी ठरवलं. पोटची लेक. तिच्याजवळ लाज कसली?

सिंधूताई दुसऱ्या शनिवारी काटोलहून आली, एस.टी.नं, संत्र्यांची टोपली घेऊन. मुकुंदाला ऑफिसला सुट्टी होती. चपला काढता काढताच ती बोलली, "आमच्याकडे तर मेलं पाय ठेवायला जागा नाही. संत्र्याचा बहार सुरू आहे, व्यापारी येऊन बसतात, सासूबाईंचा दमा." अजून तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. यमुताईंनी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, आज नाही, उद्या सांगू.

जेवणं झाली. उत्तरानं खोलीतच नणंदेसाठी दुसरी खाट सजवली, तशीच, थरावर थर. "ताई, तुम्हीही चला मसुरीला!" सिंधू हसत आत सरकली. उत्तरानं तिलाही खोचली. "बाई बाई, मी काय तान्ही आहे का गं?" सिंधूला मोठी गंमत वाटली. उत्तरा क्लासला गेली. मुकुंद बाहेरच्या खोलीत ट्रांझिस्टर छातीवर ठेवून पडला.

थोड्या वेळानं यमुताईंना लागली.

"सिंधू," त्या हळूच म्हणाल्या. "सिंधू, ऊठ गं. मला जायचंय."

"अं? हो हो, उठले."

सिंधूनं पाय ओढला. निघेना. दुसरा ओढला. ती अंगानं भरलेली, पन्नाशीही न गाठलेली बाई, पण चादरीत मासळीसारखी तडफडू लागली. "अगं, पाय कुठे गेले माझे!" तिला हसू फुटलं. "आई, थांब गं, हे काय लफडं…"

"लवकर," यमुताई म्हणाल्या.

शेवटी सिंधू कुशीवर वळली, कंबरेनं हिसका दिला, आणि ब्लँकेटसकट जमिनीवर उतरली. केस विस्कटलेले, तोंडावर अजून हसू. ती आईच्या खाटेशी आली, चादर ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी गादी उचलून पायथ्याचा कोपरा उपसून काढला, तेव्हा चादर सुटली.

पण उशीर झाला होता.

सिंधूचं हसू तिथेच राहिलं. तिनं ओल्या चादरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खाटेवरच्या पसाऱ्याकडे, मग आईच्या पायांकडे. पांढऱ्या, काटकुळ्या पावलांवर चादरीची वीण उमटली होती. तिला कळलं. ते कळताना यमुताईंनी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं, आणि त्यांना इतकं मोकळं वाटलं की डोळे भरून आले. चला, सांगावं लागलं नाही. लेकीनं डोळ्यांनी पाहिलं.

"रोज?" सिंधूनं विचारलं.

यमुताईंनी मान हलवली.

सिंधू खाटेच्या कडेला उभी राहिली. बाहेर ट्रांझिस्टरवर कोणी तरी हिंदी गाणं म्हणत होतं. ती दाराकडे पाहत होती. काटोलचं घर, दम्याची सासू, अंगणातले व्यापारी, असं काय काय तिच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. हे उघड बोललं की पुढचा प्रश्न एकच होता, मग आईला नेणार कोण?

"गार लागेल गं तुला," सिंधू पुटपुटली.

आणि तिनं ब्लँकेट परत ओढलं. चादर सारखी केली. गादी उचलून कोपरा आत कोंबला, जमेल तसा, बोचक्यासारखा. मग आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. झोप लागल्याचा श्वास तिनं लगेच सुरू केला, जरा जास्तच मोठा.

यमुताई छताकडे बघत राहिल्या. लेकीला लहानपणी खोटं झोपता येत नसे, पापण्या थरथरत. आता चांगलं येत होतं.

फाटकाशी गाणं आलं, कडी वाजली. थोड्या वेळानं उत्तरा चहाचा ट्रे घेऊन खोलीत आली, मागून मुकुंद. सिंधू डोळे चोळत उठून बसली, एक संत्रं घेतलं आणि सोलू लागली.

"काय गाढ झोप लागली बाई मला! आई गं, तू हाकसुद्धा मारली नाहीस?" आईचं उत्तर येण्याआधीच ती भावाकडे वळली. "कळतच नाही रे तिला आता. उत्तरा करते म्हणून. दुसरी असती तर…"

"म्हणून तर मागची खोली करून घेतली," मुकुंद बशीत चहा ओतत म्हणाला. आईकडे न बघता. "संडास जवळ पडतो. इथे आल्यागेल्याला वास…"

"बरी आहे की ती. शांत. आईला काय, कुठेही झोपायचंच," सिंधू म्हणाली.

यमुताईंनी तोंड उघडलं. लेकीच्या हातातल्या फोडी एकेक करून सुट्या होत होत्या. त्यांनी तोंड मिटलं. तीन माणसं त्यांच्या खाटेभोवती बसून त्यांना खिडकीपासून उचलत होती, आणि त्यांचे हात चादरीच्या आत होते.

उत्तरा त्यांना चहासाठी उठवायला पायथ्याशी वाकली होती. तिचा हात कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिनं ते बोचकं चाचपून पाहिलं. पाहतच राहिली.

"चहा निवून राहिला गं," मुकुंद म्हणाला. "सोमवारी गडी बोलावतो. खाट हलवून घेऊ."

"ताई," उत्तरा वाकलेलीच राहून म्हणाली, "हा कोपरा मी घातलेला नाही."

"म्हणजे काय?"

"मी असा घालत नाही. तुम्ही काढला. काढून पाहिलं, आणि परत खोचला."

"मला काय माहीत गं तुझे कोपरेबिपरे? मी झोपले होते," सिंधू म्हणाली. फोड तिच्या हातातच राहिली.

"उत्तरा, काय लावलंय?" मुकुंदाचा आवाज चढला. "आईला समजत नाही आता, झालं. यात कोणाचा दोष नाही."

उत्तरा उभी राहिली. तिचा चेहरा ओढलेल्या चादरीसारखा सपाट, एक सुरकुती नाही. तिनं यमुताईंकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा यमुताईंना सुनेचे डोळे दिसले.

"सगळं समजतं त्यांना. चालताही येतं," ती म्हणाली. "मी बांधते त्यांना. रोज दुपारी जेवण झालं की मी आईंना बांधून ठेवते आणि क्लासला जाते. तुम्हाला दोघांनाही ते माहीत आहे."