बाळांच्या वजनकाट्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचा. कारखान्यात माझं पारडं ठोकून खोलगट केलं, त्यावर पांढरा मुलामा चढवला, तबकडी बसवली आणि पारशी समाजाच्या एका छोट्या प्रसूतिगृहात माझी रवानगी झाली.

सुरुवातीला मला उसंत नव्हती. एक बाळ उचललं की दुसरं हजर. मोठ्या सिस्टर माझ्यावर मऊ कापड अंथरायच्या आणि रडणाऱ्याला समजवायच्या, "थांब रे राजा, नाव नंतर, आधी वजन." बाहेर आजोबा मंडळी कोणाचा नातू भारी यावर पैजा लावायची. निकाल माझ्याकडे असायचा.

पुढे बाळं कमी झाली. कोणी परदेशी गेलं, कोणी लग्नच केलं नाही, कोणी फार उशिरा केलं. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचंच बघा. अंथरुणाला खिळलेली आई, थकलेले वडील, दोन अविवाहित आत्या आणि कमावता हा एकटा. "आधी यांचं बघू दे," म्हणता म्हणता त्याच्या कानशिलांवरचे केस पिकले. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी तरीही त्याची वाट पाहिली. लग्न झालं तेव्हा दोघांनीही चाळिशी ओलांडली होती.

समाज घटतोय हे सरकारच्याही ध्यानात आलं. योजना निघाली. सल्ला मिळू लागला, उपचारांची सोय झाली, भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र लागलं. त्याखाली लिहिलं होतं, 'संसार वेळेवर मांडा.' योजनेच्या अधिकारी मॅडम मनाच्या चांगल्या. घरोघरी स्वतः जायच्या. त्यांच्याच सांगण्यावरून हे नवरा-बायको आमच्याकडे आले.

सुया, तपासण्या आणि वाट पाहणं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला बाईंना दिवस राहिले. मग धाकट्या आत्या इथे येऊन बसू लागल्या. आपली पर्स माझ्या पारड्यात ठेवून विचारायच्या, "सिस्टर, हा खरं बोलतो ना? आमचं बाळ हलकं दाखवलं, तर भंगारात घालीन याला." सिस्टर तोंडाला पदर लावून हसायच्या. कित्येक दिवसांनी माझ्यावर नवंकोरं कापड पडलं.

पाचव्या महिन्यात सगळं संपलं. सिस्टर आल्या, त्यांनी कापड काढलं, घडी घातली आणि ती छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी शून्य दाखवत होतो. दुसरं काय दाखवणार?

अधिकारी मॅडम भेटायला आल्या. "पुन्हा प्रयत्न करता येईल. योजना चालू आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"योजना चालू आहे हो," गणिताच्या बाई म्हणाल्या, "पण मी थकले. यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना तेव्हा कोणी जरा हात दिला असता, तर आम्ही वेळेवरच आलो असतो."

मॅडमनी मान खाली घातली. "उपचार देणं माझ्या हातात आहे. गेलेली वर्षं परत देणं नाही."

चष्मेवाला आपल्याच चष्म्याच्या काचा पुसत राहिला.

आता या खोलीत म्हाताऱ्यांच्या खाटा आहेत. योजनेतून विजेवर चालणारा नवा काटा आलाय, पण त्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मला कपाटावर ठेवलंय. खालच्या एका खाटेवर धाकट्या आत्या असतात. शाळा सुटली की बाई त्यांना भरवायला येतात. परवा शेजारच्या खाटेला भेटायला आलेल्या पाहुणीने सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" बाईंचा चमचा हवेतच थांबला. आत्यांनी तो हात धरून आपल्या तोंडाशी नेला आणि घास घेतला.

मित्रांनो, असा प्रश्न कोणाला विचारू नका. आणि घरातल्या एकाच माणसाच्या खांद्यावर सगळ्यांचं ओझं टाकू नका. वेळ आहे तोवर वाटून घ्या. मला वजन फक्त सांगता येतं, मित्रांनो. उचलायला माणसंच लागतात.