बकुळेनं घेतलेलं नाव

नवरा घरात नाही, तो आहे की गेला हे कुणाला ठाऊक नाही, आणि आमची सून दोन्ही वेळा पोटभर जेवत होती. मला ते पटलं नव्हतं. पहाटे उठून शेगडी पेटवायची, पेज शिजवायची, सुक्या जवळ्याची चटणी वाटायची आणि वाडगा बोटानं पुसून खायची. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारची कौसल्या मुद्दाम रडणं बघायला येऊन दारात बसायची, तर ही तिलाच विचारायची, "मावशी, पेज घेता?"

बकुळा तिचं नाव. कणकवलीकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आमची खोली लालबागेत, मुलगा गिरणीत साळखात्यात, मागावर. छप्पन्न सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी रस्ते पेटले. तो चाळीतल्या पोरांबरोबर खाली उतरला तो वर आलाच नाही. मी त्याला बाबू म्हणते. पाळण्यातलं नाव माझ्या सासऱ्यांचं ठेवलेलं, आणि सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून पोटच्या पोराला मी खऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. बकुळेचा तर तो नवराच. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य तेवढं तुटतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि मी वरून घोटून घेतलं होतं. म्हणजे घरात बायका दोन, आणि त्याचं नाव एकीच्याही जिभेवर नाही.

त्या दिवसांत रस्त्यावर कुणीतरी विजेच्या खांबावर दगड आपटायचं. ठण ठण ऐकू आलं की पोलीस इकडे वळले समजायचं. दारं लागायची, दिवे जायचे. आमचे मालक, बाबूचे वडील, दम्याचे, त्यांना खोकल्याची उबळ यायची तेव्हा ते तोंडावर उशी दाबून घ्यायचे. माणूस गुदमरून जाईल की खोकला खाली ऐकू जाईल, कशाला जास्त भ्यावं ते मला समजायचं नाही. समोरच्या चाळीत गॅलरीत उभ्या असलेल्या बाईला गोळी लागली होती. तेव्हापासून आम्ही खोलीतसुद्धा वाकून चालायचो.

कौसल्या कुजबुजली, "ऐकलंस? मेलेल्यांना घरी देतच नाहीत म्हणे. पोलीसच परस्पर नेऊन जाळतात. तुझ्या सुनेला सांग, कुंकू जरा बेतानं लाव."

"तुझा नवरा रोज रात्री गुत्त्यातून येतो की नाही तेही कुणाला ठाऊक नसतं," मी म्हटलं. "तू लावतेस ना रुपयाएवढं? मग गप बस."

तिला असं म्हटलं खरं, पण माझ्या पोटात तेच होतं. बाबू गेला, असं मी मनात धरून चालले होते. बकुळेला म्हटलं, "आज शेगडी नको पेटवू. कुणाच्या घशाखाली उतरणार आहे?"

ती पहिल्यांदा मला उलट बोलली. "चूल सुतकात बंद ठेवतात, आई. आपल्याकडे कोण गेलंय?"

मी शेगडीपुढून बाजूला झाले. मला गप्प करणारं त्या चाळीत तोवर कुणी जन्मलं नव्हतं.

कर्फ्यू थोडा वेळ उठला तेव्हा माझा दीर गुणाजी दादरहून आला. घामानं भिजलेला. म्हणाला, "वहिनी, चौकीच्या आवारात माणसं कोंबलीत. आज गाड्यांत घालून हलवणार. ठाण्याला, नाशकाला, कुठे ते सांगत नाहीत. आपला असला तर त्यातच असेल."

"आणि त्यात नसला तर?"

त्यानं बाहीनं घाम पुसला.

"चल मग," मी म्हटलं.

"बाप्या दिसला की आत घालतात. बायकांना काही करत नाहीत."

"मग लुगडं देते, नेसतोस?"

तो काही नेसला नाही. आम्ही दोघीच निघालो.

रस्त्यावर काचा, दगड, जळलेल्या टायरचा वास. आणि चपला. पळताना पायांतून सुटलेल्या, एकेकट्या. मी प्रत्येक चपलेकडे बघत चालले होते. बाबूच्या डाव्या वहाणेला अंगठ्याजवळ तांबड्या चामड्याचं ठिगळ होतं. दिसू नये म्हणून बघत होते, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. बकुळा समोर बघून चालत होती.

चौकीपुढे बायकांची ही गर्दी. फाटकात बंदूकवाले. आत ताडपत्रीनं बांधलेल्या लॉऱ्या उभ्या, मागच्या बाजूला जाळी, जाळीत अंधार. तोंडं दिसत नव्हती, नुसती बोटं दिसत होती. एका शिपायाला मी विचारलं, "दादा, आमचा मुलगा आहे का बघा." तो म्हणाला, "म्हातारे, आत सगळे कुणाचे तरी मुलगेच आहेत."

पहिली लॉरी सुरू झाली तशा सगळ्या बायका पुढे रेटल्या. बकुळेनं पदर सावरला आणि हाक मारली, "अहो."

अख्खी लॉरी बोलली. "काय गं? कोण गं? मी इथे आहे गं." आत जेवढे नवरे तेवढे तिचेच झाले. एरवी मी हसून लोळले असते.

मी ओरडले, "बाबू." तर कोकणात घरटी एक बाबू. ही लॉरी बोलली, मागचीही बोलली, आणि त्यात माझा कोणता ते कळेना. इतक्या आवाजांत तो नसेलच, असं मात्र वाटायला लागलं. पहिली लॉरी फाटकातून गेली. दुसरीही हलली.

"त्याचं नाव घ्या ना," बाजूची एक बाई आमच्यावर खेकसली. "नाव नाही का तुमच्या माणसाला?"

मी तोंड उघडलं. सासऱ्यांचा चेहरा पुढे आला, पांढऱ्या मिशा, हातात काठी. जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. देवाशपथ सांगते, सुटेना.

आणि बकुळेनं नाव घेतलं.

हळू नाही, पुटपुटून नाही. शेतात ढोरं हाकताना ओरडतात तसं. आधी नवऱ्याचं, मग त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या मालकांचं, माझ्या तोंडावर, आणि वर आडनाव. मी तेव्हा घेतलं नाही, इथे लिहितही नाही. तिनं दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. शिपायानं दंडुका उगारला तशी दोन पावलं मागे गेली आणि परत घेतलं.

दुसऱ्या लॉरीच्या आतून, खोल कुठून तरी, घोगरा आवाज आला. "बकुळा, मी हय आसंय. आयेक घेवन घराक जा."

आमच्या घरात मुंबईचीच मराठी बोलायचा तो. गावची बोली त्याच्या तोंडात भीतीनं यायची, लहानपणापासून. त्यावरूनच मी ओळखलं की तो माझा बाबू आहे, आणि त्याला मारलंय.

लॉरी परळच्या बाजूला वळली. कुठे चालली ते कुणी सांगितलं नाही.

मला वाटलं, आता ही हसेल. इतके दिवस पेज खाऊन तो आहे असं धरून ठेवलं होतं ते खरं ठरलं. पण बकुळा फुटपाथच्या कडेला बसली. दात वाजत होते. तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबलेले, जसं काही नाव अजून बाहेर पडेल.

"आई, मी नाव घेतलं," ती हातांआडून म्हणाली. "इतक्यांदा घेतलं. ते आत मार खातायत आणि मी बाहेरून त्यांचं आयुष्य तोडलं. आता त्यांना काही झालं तर ते पोलिसांनी नाही केलं, मी केलं."

तिकडे खांबावर ठण ठण सुरू झालं. बायका पदर गोळा करून पळायला लागल्या. ही जागची हलेना. आजवर जी रडली नव्हती ती आता, नवरा जिवंत कळल्यावर, मेल्यासारखं रडत होती. असंच सोडलं असतं तर त्या दिवसापासून तिनं शेगडी पेटवली नसती.

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. तिचे हात तोंडावरून ओढून काढले.

"ऐक, बकुळे. नाव घेतल्यानं माणूस मरत असता तर या मेल्यांनी बंदुका कशाला आणल्या असत्या? आपल्या दोघींनाच नेऊन उभं केलं असतं. तू त्याला मारलं नाहीस, तू त्याला शोधलंस. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, मी माझ्या सासऱ्यांचं नाव मरेपर्यंत घेणार नाही. म्हणून तर सांगते, उद्या ठाण्याच्या तुरुंगाच्या दारात उभं राहायचंय, तिथे नसला तर नाशकाला. दर ठिकाणी तूच पुढे व्हायचं आणि आजच्यासारखंच ओरडायचं. आता ऊठ, पोलीस यायच्या आत घर गाठू."