शेत परत नेणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसारखीच बोलायला लागले की मला आवरत नाही. पण घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. मला आज आभार मानायचे आहेत.

पहिले आभार सुताराचे. माणूस तोंडाने फटकळ, हाताने मऊ. प्रत्येक फळीला तो टिचकी मारून कान देऊन ऐकायचा. बद्द वाजली की बाजूला टाकायचा. ज्या खणखणीत वाजल्या, त्यांची मी झाले. फटींमध्ये कापूस ठासून, वर डांबर फासून त्याने मला नावाड्याच्या हवाली केलं.

नावाडी माझा मालक. पण मला जीव लावला तो त्याच्या बायकोने. तिचं माहेर नदीपलीकडे. लग्न होऊन पहिल्यांदा माझ्यात बसली तेव्हा म्हणाली, "नवरा कसा निघेल कोण जाणे, होडी मात्र चांगली मिळाली." नावाडी इतका हसला की वल्हं हातातून सुटलं आणि ते पकडायला नवरीलाच वाकावं लागलं.

ती माझी भरभराटीची वर्षं. मी धान्याची पोती नेली, वासरं नेली, एकदा तर आरशाचं कपाट नेलं. नदी तेव्हा निवळशंख होती. तळाचे गोटे दिसायचे आणि त्यांच्या खोबणींत मासे अंडी घालायचे. पाणमांजरांची एक जोडी माझ्या सावलीत शिकार करायची. कधी दमलीच तर माझ्या काठाला पंजे टेकून खुशाल टकमका बघायची.

आता मालकिणीच्या थोरल्या भावाबद्दल सांगते. पलीकडच्या उतारावरचं शेत त्याचं. त्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, कारण त्याची नांगरट. टेकाडाच्या माथ्यापासून निघालेली रेघ थेट पाण्यापर्यंत यायची, दोरी लावल्यासारखी सरळ. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे आणि हा बघितलंच नाही असं दाखवायचा. काठावरची झुडपं आणि गवतसुद्धा त्याने उपटून काढलं होतं. का, तर रेघ मध्येच तुटते!

पण पाऊस आला की त्या सरळ रेघांचे सरळ पाट व्हायचे. वरून सुटलेलं पाणी माती ओढून घेऊन धाडकन नदीत पडायचं. हळूहळू नदीचा रंग चहासारखा झाला. गोटे गाळात बुडाले. अंडी गुदमरली, मासे दिसेनासे झाले, आणि मासे गेल्यावर पाणमांजरं तरी कशाला राहतील? नदीच्या मध्यावर गाळाचा उंचवटा चढला. माझं पोट त्याला घासायचं, मग नावाडी कमरेएवढ्या चिखलात उतरून मला ढकलायचा.

एका वर्षी पेरणीनंतर पावसाने झोडपलं. काही दिवसांनी बघतो तर उंचवट्यावर हिरवे कोंब! मालकिणीने वाकून एक उपटला. मुळाशी बियाण्याचं साल अजून चिकटलेलं होतं, औषधाच्या गुलाबी रंगासकट.

"अगं बाई, हा तर दादाचा मका!" ती म्हणाली. तिने पाटीभर चिखल कोंबांसकट भरला, माझ्यात ठेवला आणि पलीकडे जाऊन हाक मारली, "दादा, खाली ये रे! तुझं शेत आणलंय."

"काय आणलंयस?"

"शेत. वाट चुकून आमच्याकडे आलं होतं. कोवळं पोर, म्हटलं अंधार पडायच्या आत घरी पोचवावं."

फूटपट्टी कसनुसा हसला. "नदी म्हटली की गाळ यायचाच. दाजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"माझं ऐकणारी असती," नावाडी म्हणाला, "तर ही पाटी मी कशाला उचलली असती?"

त्यानंतर दर मोठ्या पावसानंतर मी पाटी घेऊन जाऊ लागले. फूटपट्टी आधी हसला, मग चिडला, मग मला लांबून बघताच शेताच्या दुसऱ्या टोकाला काम काढू लागला. मालकीण पाटी काठावर उपडी करून यायची.

पण शेवटी मी अशी रुतले की दोन दिवस निघालेच नाही. निघाले तेव्हा पाटी घेऊन दोघं पलीकडे गेली आणि नावाड्याने मेहुण्याला सरळच सांगितलं, "होडी मोडीत काढतोय. शहरात गोदामावर काम मिळतंय. आम्ही दोघंही जातोय."

फूटपट्टीने बहिणीकडे बघितलं. "म्हणजे तू येणार नाहीस?"

"कशाने येऊ? पोहत?"

त्या दिवशी ती हसत नव्हती. तो खाली बसला. पाटीतली माती त्याने बोटांनी कुस्करली, नाकाशी नेली. मग म्हणाला, "आडवं नांगरलं तर रेघ वाकडी येईल गं. उतार वळतो तशी तीही वळणार. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुझी रेघ सरळ ठेवता ठेवता आमची नदी बुजली."

"एक वर्ष थांबा, दाजी," तो एवढंच म्हणाला.

एका वर्षात काही चमत्कार झाला नाही, मित्रांनो. मला काठावर पालथी घातली. उन्हाने फळ्या आक्रसल्या, फटी पडल्या, एक शेळी माझ्यावर चढून बसायला लागली. तो सगळा काळ मी समोरचा उतार बघत होते. फूटपट्टीने टेकाडाला आडवी, वळणावळणाची नांगरट केली. रस्त्यावरचे ओरडले, "फूटपट्टी वाकली रे!" त्याचे कान लाल झाले, पण ट्रॅक्टर थांबला नाही. काठाचा पट्टा त्याने नांगरायचा सोडला, तिथे गवत आणि झुडपं लावली. कणसं काढल्यावर मक्याची वाळकी ताटं शेतातच पसरली. पाऊस आला, पाणी नांगराच्या प्रत्येक सरीत अडखळलं, मुरलं, आणि उरलेलं गवतातून गाळून नदीत उतरलं. पाट सुटले नाहीत. नावाड्याने ते पाहिलं आणि गोदामाला नकार कळवला.

हळूहळू वरच्या अंगाचे काही शेतकरीही आडवे वळले. सगळे नाही, काहींना अजून सरळ रेघच आवडते. पण नवा गाळ कमी झाला, तसा पुरांनी तो उंचवटा थोडा थोडा खरवडून नेला. गोटे पुन्हा उघडे पडले. आणि एका सकाळी मालकिणीने नवऱ्याला कोपर मारून गप्प केलं. पाणमांजर पोहत होतं, मागे दोन पिल्लं. नव्याने डांबर लावलेली मी त्या दिवशी पाण्यात उतरले होते. मधोमध नावाड्याने काठी बुडवली, ती तळाला लागली नाही. पलीकडे फूटपट्टी उभा होता. बहिणीला उतरवायला त्याने हात पुढे केला, आणि तिच्या दुसऱ्या हातात पाटी नाही हे बघून म्हणाला, "आज रिकाम्या हाताने आलीस होय?"

मित्रांनो, सुतार, नावाडी, मालकीण आणि वाकलेली फूटपट्टी, या सगळ्यांचं मी देणं लागते. तुम्ही एवढंच करा. पाऊस ओसरला की एखाद्या शेताच्या खालच्या टोकाला जा. तिथून वाहणारं पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि थोडा वेळ तसंच ठेवा. तळाशी माती बसली, तर ती ज्याची असेल त्याला नेऊन दाखवा. फक्त हसत दाखवा. रागाने नेलेली माती कुणी परत घेत नाही.