नरक्याचा पत्ता

"हेच ते वळण. वढ्याच्या डाव्या अंगाला सात झाडं हायेत नरक्याची," असं म्हणत रसूलमामा पुढं झाला आणि जागीच थांबला. झाडांच्या जागी सात खड्डे होते.

विश्रामबागेतल्या कॉलेजच्या मुली कोयनानगरच्या घाटात नरक्या बघायला आल्या होत्या. त्यांच्या उत्कर्षा मॅडमनी हळूच विचारलं, "मामा, जागा चुकली नसेल ना?"

मामाने वाकून एक वाळकं पान उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. "ह्योच," तो म्हणाला. "मुळासकट नेलाय." तो खड्ड्याच्या कडेला बसला.

रसूल मुलाणी वनस्पतिशास्त्र विभागाचा शिपाई. तीस वर्षांत प्राध्यापक आले नि गेले, मामा तिथंच. हातात पान द्या, तो झाडाची कुंडली मांडणार. सकाळीच रस्त्याकडेची झाडं दाखवून त्याने मुलींना बजावलं होतं, "सिल्व्हर ओक नावालाच ओक हाय. खरा ओक हिमालयात. आपल्याकडं न्हाई."

"पण चोरांना ही जागा सांगितली कुणी?" मुलींतल्या सोनियाने विचारलं.

"मीच."

मामा मान खाली घालून सांगू लागला. जानेवारीत एक माणूस विभागात आला होता. गळ्यात भिंग, बोलणं गोड. त्याने वाळवलेल्या फांद्या चिकटवलेले कागद बघितले, त्यांवरच्या मामाच्या अक्षराचं कौतुक केलं. अक्षराची स्तुती म्हणजे मामा पाघळलाच. नरक्याचं लाकूड औषधासाठी चोरीला जातं, हे ठाऊक असूनही त्याने नरक्याचा कागद पुढं केला. झाड कुठं मिळालं ते त्यावर लिहिलेलंच होतं, ओढा आणि वळणासकट. वरून त्याने वाटही समजावून दिली.

"तो चोर निघेल हे तुम्हाला काय माहीत, मामा," मॅडम म्हणाल्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मामाने हजारदा ऐकली होती. दांडा आपणच असू, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

परतताना सोनिया चढावर थांबली. करवंदीच्या जाळीआड कमरेएवढं एक रोप होतं. "मामा, हे कशाचं?" फोटो नि ठिकाण टिपायला मोबाइल पुढं करत तिने विचारलं.

मामाने पान बोटांत धरलं. ते नरक्याचं होतं.

"वळखत न्हाई, बाळ," तो म्हणाला. "चल, गाडी थांबलीया."